‘लक्ष देत नाही’ आणि ‘लक्ष लागत नाही’ : अवधानन्यूनता असलेले विद्यार्थी व त्यांचे आधारगट

अवधानाविषयी बोलावयाचे झाल्यास मराठीत दोन वाक्यरचना सहज उपलब्ध आहेत. ‘तो लक्ष देत नाही’ ही एक आणि ‘त्याचे लक्ष लागत नाही’ ही दुसरी. पहिलीत ‘तो’ हा कर्ता असून लक्ष ही त्याच्या हातातील वस्तू आहे. ती द्यावी की न द्यावी हे त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. दुसरीत कर्तेपण ‘लक्ष’ या नामाकडे जाते आणि माणूस षष्ठीच्या प्रत्ययासह त्या नामाचा केवळ धनी म्हणून उरतो. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. त्याच ‘लागणे’ धातूने लक्षही लागते वा लागत नाही. भूक का लावून घेतली नाहीस, असे आपण कोणास विचारीत नाही. लक्ष का लावले नाहीस, असे मात्र सर्रास विचारतो.

या दोन वाक्यांची वाटणी वर्गात कशी होते हे कोणाही अध्यापकास पडताळून पाहता येईल. प्रगतिपुस्तकात, पालकांच्या सभेत आणि शिक्षकांच्या खोलीत पहिले वाक्य चालते. विद्यार्थी स्वतःविषयी बोलतो तेव्हा तो बहुधा दुसरे वापरतो, आणि ऐकणारा त्यास सबब समजतो. ‘करायचे राहून गेले’ या वाक्याचीही तीच गत आहे. त्यात ‘मी’ नाही, म्हणून ते जबाबदारी झटकणारे वाटते. परंतु काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या अनुभवाचे अगदी काटेकोर वर्णन असते. प्रस्तुत लेखाचा विषय ते विद्यार्थी, आणि त्यांनी एकमेकांस आधार देण्यासाठी चालवावयाचे गट, हा आहे.

वैद्यकशास्त्र ज्यास एडीएचडी म्हणते, त्यास मराठीत अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार असे नाव रूढ होत आहे. अवधान न टिकणे, शरीराची वा मनाची अस्वस्थ चळवळ आणि विचार करण्याआधीच कृती घडून जाणे ही त्याची तीन अंगे होत. १९०२ साली लंडन येथे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्याने ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असा शब्दप्रयोग केला होता. पुढे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या सूचीत चळवळेपणास प्राधान्य मिळाले, १९८० च्या सूचीत अवधानास, आणि १९८७ मध्ये आजचे जोडनाव आले. नावांचा हा प्रवास पाहिला म्हणजे असे दिसते की, शास्त्रालाही ‘देत नाही’पासून ‘लागत नाही’पर्यंत येण्यास पाऊणशेवर वर्षे लागली. २०१३ च्या सूचीनुसार लक्षणे बारा वर्षे वयाच्या आत दिसलेली असावी लागतात, ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात आणि त्यांमुळे जीवनात खरीखुरी बाधा यावी लागते. सतरा वर्षांवरील व्यक्तीस एका गटातील नऊपैकी पाच लक्षणे पुरतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून मुलांमध्ये याचे प्रमाण सुमारे शंभरात पाच आणि प्रौढांमध्ये अडीच ते तीन असल्याचे मानले जाते. लक्ष विचलित होणे कोणास चुकलेले नाही, हे खरे. परंतु दम सर्वांस लागतो म्हणून दमा नसतो, असे कोणी म्हणणार नाही.

आता प्रश्न असा की, बालपणी सुरू होणारा हा विकार पुष्कळांच्या बाबतीत पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत ध्यानात का येत नाही? याचे कारण विद्यार्थ्याच्या भोवतालात शोधावे लागते. हिंगणघाट, आर्वी किंवा समुद्रपूर येथून बारावी झालेला हुशार मुलगा घरी असतो तोपर्यंत त्याचा दिवस दुसऱ्या कोणी तरी बांधून दिलेला असतो. आई उठविते, शिकवणीचे वर्ग वेळा ठरवितात, चाचणी दर आठवड्यास होते, पुस्तक कोठे ठेवले ते बहिणीस ठाऊक असते. अवधानाचे जे काम मेंदूने करावयाचे, ते घर करीत असते. वसतिगृहाच्या खोलीत पाऊल टाकताच हा सारा मांडव एकदम खाली येतो. चार महिन्यांनी सत्र-परीक्षा, दोन वर्षांनी प्रबंधिका, मार्गदर्शकाची भेट ‘जेव्हा काही लिहून होईल तेव्हा’ अशी व्यवस्था ज्यास मानवते त्यास ती स्वातंत्र्य वाटते. ज्याच्या मनात ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच काळ नांदतात, त्यास ती अथांग वाटते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात तर उत्तर प्रदेश-बिहारपासूनचे विद्यार्थी निवासी राहतात; त्यांचे घर शनिवार-रविवारी गाठण्याइतके जवळ नाही. बुद्धी आहे, विषयाची गोडी आहे, रात्ररात्र वाचनही होते, परंतु नेमलेले काम नेमल्या दिवशी होत नाही, असा विद्यार्थी दुसऱ्या सत्रानंतर दिसेनासा होतो. विभागाच्या नोंदीत त्यापुढे ‘अनुपस्थित’ एवढेच लिहिलेले असते.

मुलींची गोष्ट आणखी निराळी आहे. बालपणी हे निदान मुलग्यांत कितीतरी अधिक होते; प्रौढ वयात स्त्रीपुरुषांतील ते अंतर पुष्कळच कमी होते. मुलींमध्ये चळवळेपणापेक्षा अवधानाचा अभाव अधिक दिसतो आणि तो वर्गाला त्रास देत नाही, म्हणून सुटून जातो. आपला शब्दसंग्रहही येथे बोलका आहे. मुलाला आपण हूड, अवखळ, द्वाड म्हणतो, आणि त्या शब्दांत कौतुकाचा अंश असतो. मुलगी मात्र वेंधळी, धांदरट, विसरभोळी ठरते, व या शब्दांत कौतुक शोधूनही सापडत नाही. (‘ध्यान’ हा शब्द तर अजबच. चित्ताच्या एकाग्रतेचे नाव तेच आणि ‘काय हे ध्यान!’ म्हणून गबाळ्या माणसाकडे बोट दाखविण्याचेही तेच.) ही विशेषणे वीस वर्षे ऐकलेल्या व्यक्तीस ती स्वतःची व्याख्याच वाटू लागतात. वर्णन आणि निंदा यांत भेद करणारी भाषा तिला कोणी दिलेलीच नसते.

येथे भाषाशास्त्राशी निकटचा संबंध असलेला एक मुद्दा थोडा विस्ताराने मांडावयास हवा. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा विचार व भाषा यांवरील ग्रंथ १९३४ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. तीन-चार वर्षांचे मूल खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते : ‘आता हा ठोकळा इथे… नाही, पडेल… मोठा घेऊ.’ विगोत्स्कीच्या मते हे बोलणे निरर्थक नसून कृतीला वळण देणारे असते. आधी आईबापांनी मुलास दिलेल्या सूचना असतात, मग मूल त्याच सूचना स्वतःस मोठ्याने देते, पुढे तो आवाज कुजबुजीवर येतो आणि शाळकरी वयात तो आत वळून मूक अंतर्भाषण बनतो. प्रौढ मनुष्य ज्यास मनाशी ठरविणे म्हणतो, ते पुष्कळसे या आत वळलेल्या बोलण्याचेच कार्य होय. मराठीतील ‘मनाशी म्हणालो’ या प्रयोगात हे तत्त्व जणू नोंदलेलेच आहे.

रसेल बार्कले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली अवधानन्यूनतेची जी उपपत्ती मांडली, तीत या अंतर्भाषणास महत्त्वाचे स्थान आहे. त्याच्या मते हा विकार मुळात अवधानाचा नसून आत्मनियमनाचा आहे. तात्काळ प्रतिसाद रोखून धरण्याची शक्ती उणी पडते आणि त्यामुळे तिच्यावर उभ्या असलेल्या चार मानसिक क्रिया, म्हणजे क्रियाशील स्मृती, भावनांचे नियमन, भाषणाचे अंतर्मुख होणे व वर्तनाची नवी जुळणी, या उशिरा व अपुऱ्या विकसित होतात. तत्पूर्वी १९९१ मध्ये लॉरा बर्क व तिच्या सहकारी यांनी शाळकरी मुलग्यांच्या निरीक्षणातून असे दाखविले होते की, अवधानन्यूनता असलेल्या मुलांचे स्वतःशी मोठ्याने बोलणे समवयस्कांच्या मानाने उशिरा आत वळते. बार्कलेची उपपत्ती सर्वमान्य नाही, आणि तिच्या सर्व अंगांना सारखा पुरावा मिळालेला नाही, हे येथे सांगणे अवश्य आहे. एकाच कारणाने सर्व रुग्णांची सर्व लक्षणे उलगडत नाहीत, असा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे. तरीही आधारगटात नेमके काय घडते, हे समजून घेण्यास ती फार उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ते असे. आतला आवाज जर क्षीण असेल, तर काही काळ तो बाहेर ठेवावा लागेल. आणि बाहेरचा आवाज ऐकावयास कोणी तरी हवे. सहाध्यायींच्या गटात सात-आठ जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण आरंभी सांगतो : ‘आता पाऊण तासात मी दुसऱ्या प्रकरणाची दोन पाने वाचणार व टाचण काढणार.’ मग पाऊण तास कोणी बोलत नाही. शेवटी प्रत्येक जण सांगतो, काय झाले आणि काय राहिले. वरवर पाहता यात काहीच नाही. परंतु ‘दोन पाने’ हा शब्द उच्चारला गेला, तो इतर सात जणांनी ऐकला आणि पाऊण तासाने पुन्हा विचारला गेला. म्हणजे जी सूचना मनात उमटून पुसली जाणार होती, ती बाहेर टिकून राहिली. शेजारी कोणी कामात असले म्हणजे आपलेही काम चालते, हा अनुभव पुष्कळ रुग्ण सांगतात. इंग्रजीत त्यास हल्ली एक नवे नाव मिळाले आहे. मराठीत ‘सोबत’ हा शब्द पूर्वीपासून आहे. अंधारात जाताना, आजाऱ्याच्या उशाशी, रात्रीच्या अभ्यासाला आपण सोबत मागतो, मदत मागत नाही. सोबत करणारा काही करीत नाही, फक्त असतो.

वर्ध्याच्या वाचकास सेवाग्राम आश्रमातील सामुदायिक सूतकताईची येथे आठवण होईल. प्रत्येकाची टकळी निराळी, सूत निराळे, पण बसणे एकत्र आणि ठरल्या वेळी. त्यामागील हेतू सर्वस्वी वेगळा होता, म्हणून ही तुलना फार ताणू नये. अधिक नजीकचे उदाहरण गावोगावच्या बचत गटांचे आहे. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांना जोडण्याचा उपक्रम हाती घेतल्यानंतर त्यांचा मोठा प्रसार झाला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ हे काम करीत आले आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आया अशा गटांच्या सभासद आहेत, त्यामुळे ‘गट’ म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. दहा ते वीस सभासद, ठरलेला वार, लहान हप्ता, नावानिशी हजेरी, सर्वांसमोर वाचली जाणारी वही, ही सर्व अंगे विद्यार्थ्यांच्या गटाने जशीच्या तशी उचलावीत. एक मात्र उचलू नये. पुष्कळ बचत गटांत उशिरा येणाऱ्यास वा गैरहजर राहणाऱ्यास दंड असतो. येथे उशीर हेच तर दुखणे. त्यावर दंड बसविला की ज्याला गटाची सर्वांत अधिक गरज तोच प्रथम यावयाचा थांबेल.

मनोविकारांच्या क्षेत्रात समदुःखी मंडळींच्या साहाय्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने येणाऱ्यांस हात देतात. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण व कुटुंबीय यांचे स्वमदत गट चालविले. या परंपरेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रथमपुरुषी बोलण्याचा नियम : ज्याने त्याने आपले सांगावे, दुसऱ्यास उपदेश करू नये. ‘तू असे करून पाहा’ याऐवजी ‘मी असे केले, तेव्हा असे झाले’. व्याकरणातील पुरुष बदलला की ऐकणाऱ्याची भूमिका बदलते. आरोपी असलेला मनुष्य साक्षीदार होतो. फरक असा की, व्यसनमुक्तीत एक निश्चित गोष्ट सोडावयाची असते आणि सोडल्याचे दिवस मोजता येतात. येथे सोडावयाचे काहीच नाही आणि मोजावयास दिवसही नाहीत. म्हणून यशाच्या कथा सांगण्याचा प्रघात या गटांत जपून पाडावा. एकाने पाडवा-दिवाळी न पाहता प्रबंधिका पुरी केल्याची कथा दुसऱ्यास पुन्हा ‘तोच लक्ष देतो, मी देत नाही’ या जुन्या वाक्याकडे ढकलू शकते.

गटाची भाषा कोणती असावी, हा प्रश्न वर्ध्यास टाळता येत नाही. एकाच बाकावर वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा, प्रमाण मराठीत लिहिणारा आणि भोजपुरी घरात वाढलेला हिंदी भाषक विद्यार्थी बसलेले असतात. विकाराची परिभाषा त्या तिघांपर्यंत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून इंग्रजीत पोहोचते. ती परिभाषा टाकाऊ नाही. कित्येकांना आपल्या अडचणीस नाव आहे हे तेथेच प्रथम कळते. परंतु नाव कळणे म्हणजे वर्णन करता येणे नव्हे. ‘वेळेचे भान राहत नाही’, ‘सुरुवातच होत नाही’, ‘उठतो एका कामाला आणि करून येतो दुसरेच’, ‘डोक्यात बाजार भरतो’ ही वाक्ये ज्याने त्याने आपल्या बोलीत शोधावी लागतात, आणि ती सापडली म्हणजे चिकित्सकापुढे बसल्यावरही उपयोगी पडतात. प्रौढाचे निदान रक्ततपासणीने होत नाही. ते मुलाखतीतून, म्हणजे भाषेतूनच, होते. ज्याला ‘आळस आहे, सर’ एवढेच म्हणता येते, त्याचे निदान चुकण्याचा संभव मोठा. (मराठीत ‘परवा’ आणि हिंदीत ‘कल’ हे शब्द मागे व पुढे दोन्हीकडे चालतात, यावरून आपल्या भाषकांच्या कालज्ञानाविषयी कोणी सिद्धान्त बांधू नये; तसे मोह भाषाशास्त्रास पूर्वी पुष्कळ पडून गेले आहेत.)

गटाच्या मर्यादा स्पष्ट असाव्यात. तो उपचार नव्हे. अमेरिकेत आर्थर अनास्तोपूलोस व सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी जो कार्यक्रम आखला व ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात आठ आठवड्यांची गटसत्रे आणि जोडीला व्यक्तिगत मार्गदर्शन होते, व त्याचा लाभ दिसून आला. परंतु तो प्रशिक्षित व्यक्तींनी चालविलेला बोधात्मक-वर्तनोपचार होता. केवळ विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या गटांविषयीचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. औषधांची गरज ज्यांस असेल त्यांनी ती मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत. या विकारावर दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे नियंत्रित द्रव्य आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकाची गोळी दुसऱ्याने घेणे यास गटात पहिल्याच दिवशी निःसंदिग्ध बंदी असावी. वर्ध्यास या बाबतीत एक अनुकूलता आहे : सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत, आणि शहरातून दोन्हीकडे जाणे अवघड नाही. रात्री-अपरात्री मनाची अवस्था बिघडल्यास १४४१६ हा शासनाचा टेलिमानस दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे.

कायद्याची बाजू तितकी अनुकूल नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात एकवीस प्रकार नमूद आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, परंतु अवधानन्यूनता स्वतंत्रपणे नाही. परिणामी जोडीला दुसरी नमूद अक्षमता नसेल तर परीक्षेतील अधिक वेळ या कायद्याच्या आधारे मागणे विद्यार्थ्यास कठीण जाते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे. मग गटाची गरज काय, असे कोणी म्हणेल. समुपदेशकाकडे विद्यार्थी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, ठरवून जातो. आणि ठरवून जाणे हेच त्यास जमत नसते. शिवाय प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही, हा नियम परीक्षा विभागापुरता समजण्यासारखा असला, तरी गटाच्या दारावर तो लावू नये. ज्याचे निदान झालेले नाही, ज्याला निदान नकोच आहे, किंवा ज्याला घरी कळण्याची भीती वाटते, त्यासही टेबलाशी जागा असावी. न येणाऱ्यापेक्षा विनाकारण आलेला परवडला.

उरते ती एक अडचण, आणि अनुभवी वाचकांच्या ती एव्हाना ध्यानात आली असेल. ज्यांना आखणे, आठवणे व वेळ पाळणे जड जाते, त्यांनीच गट आखावयाचा, आठवणीने भरवावयाचा आणि वेळेवर उघडावयाचा! उत्साहाने सुरू झालेले असे गट चौथ्या-पाचव्या बैठकीला विरून जाण्याचा धोका यामुळे उघड आहे. आणि तसे झाले की सभासदांच्या खात्यावर आणखी एक ‘राहून गेलेले’ जमा होते. यावर उपाय असा की, गटाचे अंतरंग विद्यार्थ्यांकडे ठेवावे आणि बाह्य चौकट विभागाने सांभाळावी. खोलीची किल्ली, वार आणि तास या तीन गोष्टी विभागाच्या कार्यालयाने सत्राच्या वेळापत्रकातच छापाव्यात, म्हणजे त्या कोणाच्या स्मरणावर अवलंबून राहणार नाहीत. निमंत्रक दोन असावेत, एक जुना व एक नवा. बैठक दुपारी असावी. बाहेरगावाहून येणाऱ्यांची शेवटची एस.टी. चुकणार असेल तर ते पहिल्या आठवड्यानंतर येणार नाहीत. अध्यापकाने उद्घाटनास यावे आणि नंतर येऊ नये. हजेरीच्या वहीत केवळ पहिले नाव लिहावे, ती वही गटाच्या कपाटात राहावी, आणि तिच्यातील कोणतीही नोंद विद्यार्थ्याच्या विभागीय कागदपत्रांत जाऊ नये.